धारेवर पाऊस गाठतो तेव्हा

राजगडाच्या संजीवनी माचीवर आळू दरवाज्यातून बाहेर पडलं, की तोरण्याकडे गेलेली लांबलचक डोंगरधार समोर येते. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सरावलेल्या माणसाला ही चाल ६ ते ८ तासांची. वाट डोळ्यांना दिसत असते आणि तोरण्याची बुधला माची खूण म्हणून समोर असते. जुलैमध्ये हीच धार ढगात बुडालेली असते. दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही, वारा सरळ उभं राहू देत नाही, गवताने पायवाट झाकून टाकलेली असते. एवढ्या मोठ्या चालीत नवख्या माणसालाही खात्रीने सापडेल अशी धार सोडण्याची जागा मधोमध एकच आहे. वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता जिथे धार ओलांडतो, ती.

पावसाळ्यात धारेवर चालायचं सगळं गणित इथून सुरू होतं. रानातून किंवा पदरातून चालताना हवा बिघडली तर झाडीचा आडोसा मिळतो, एखादी वस्ती गाठता येते. धारेवर दोन्ही अंगांना उतार असतो आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी कडा असतो. पुढे जाणं किंवा आल्या वाटेने मागे फिरणं, एवढेच पर्याय उरतात. म्हणून वर जाण्याच्या वाटेपेक्षा धारेवरून उतरण्याच्या वाटा आधी पाठ हव्यात, आणि कुठून व कधी मागे फिरायचं हे घरी कोरड्या अंगाने बसलेले असतानाच ठरवायला हवं. चिंब भिजलेला, दमलेला, थोडा घाबरलेला माणूस वर गेल्यावर चांगला निर्णय घेईल, या भरवशावर निघू नये.

निघण्याआधी

नकाशा समोर घ्या. कागदावरचा असो की मोबाईलवर उतरवून ठेवलेला. धारेवरच्या खिंडी, माळ आणि गावाकडे उतरणाऱ्या मळलेल्या सोंडा शोधून त्यांवर खुणा करा. प्रत्येक खुणेपुढे एक वेळ लिहा. राजगड-तोरण्याचंच उदाहरण घ्यायचं तर, गाडीरस्त्यापाशी दुपारी १२ पर्यंत पोहोचलो नाही तर तोरणा सोडायचा आणि रस्त्याने वेल्ह्याला उतरायचं, असा करार निघण्याआधी सगळ्यांनी मिळून करावा. त्यापुढचा टप्पा हा चालीतला कठीण भाग आहे. शेवटी बुधला माचीखालचा उभा चढ आणि कातळ पार करायचा असतो, आणि तो दमलेल्या पायांनी, पडत्या उजेडात करू नये. एकदा रस्ता ओलांडून पुढे गेलात की सोपा परतीचा मार्ग उरत नाही.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. हा ठोकताळा चांगल्या हवेसाठी आणि चांगल्या पायांसाठी आहे. सह्याद्रीत पावसात त्याच्या दीडपट वेळ धरा, कातळटप्पे असतील तर दुप्पट. जुलैत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, पण ढगाळ दिवशी रानात साडेसहालाच अंधारतं. दिवसाउजेडी उतरायचा बेत असला तरी प्रत्येकाच्या सॅकमध्ये डोक्याला लावायची विजेरी हवी. मोबाईलचा टॉर्च ही सोय नव्हे. तो हात अडकवतो आणि जी बॅटरी मदत बोलवायला लागणार तीच संपवतो.

हवामानाचा अंदाज पाहताना शहराचा पाहू नका. पुण्यात ऊन पडलेलं असताना ताम्हिणीत कोसळत असतं, हे आपण सगळे पाहतो. भारतीय हवामान विभाग पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी वेगळा अंदाज देतो. तो वाचा. त्या विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे 'अत्यंत जोरदार' पाऊस. घाटमाथ्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी धारेवर जायचं नाही, याबाबत मी कसलीच सवलत मानत नाही. पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी कातळ नसलेली, गावाजवळची, ओळखीची वाट निवडावी. पावसाळ्यात अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासन आणि वनखातं गडांवर, धबधब्यांवर काही काळासाठी बंदी घालतं. ती कोणत्या जागांना, कधीपर्यंत आहे हे आदल्या दिवशी विचारून घ्या. बंदी चुकवून आडवाटेने चढलेला माणूस अडकला तर तो कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

याआधीचे दोन-तीन दिवस किती पाऊस झाला हेही पाहा. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. सलग पडणाऱ्या पावसाने डोंगराची माती पाणी पिऊन फुगलेली असते, आणि अशा दिवसांत उभ्या उताराखाली तंबू ठोकणं, नाळेच्या तोंडाशी जेवायला बसणं टाळावं. उतारावर नवीन भेग दिसली, झाडं कलली असतील किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं असेल, तर तिथून ताबडतोब बाजूला व्हा.

पायथ्याच्या गावात दहा मिनिटं थांबा. गुरं घेऊन निघालेल्या मामांना, ओसरीवरच्या मावशींना विचारा: वर धुई किती आहे, ओढ्याला पाणी कसं आहे, काल कुणी वर गेलं होतं का. त्यांनी 'आज नका जाऊ' म्हटलं तर तो त्या दिवसाचा शेवटचा शब्द समजावा. वाट पाहिलेली नसेल तर गावातला वाटाड्या सोबत घ्या, आणि त्याला त्याच्या दिवसभराच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या.

ओला कातळ

आपला सह्याद्री बेसाल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तो झाला, म्हणून त्याचे उभे कडे आणि त्यांच्यामधल्या आडव्या पट्ट्या एकाआड एक येतात. आपल्या आडव्या वाटा जातात त्या या पट्ट्यांवरून. कडा कोरडा असेल तर बेसाल्टवर पकड उत्तम मिळते, पाय विश्वासाने टाकता येतो. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि पाय साबणावरून सटकावा तसा सटकतो. जून अर्धा सरला की ही अवस्था येते आणि पाऊस उघडल्यावरही कित्येक आठवडे राहते. सप्टेंबरात ऊन पडलं म्हणून सावलीतला, उत्तरेकडे तोंड असलेला कातळ वाळला असेल असं समजू नका.

दगड वाचायला शिका. काळे ओघळ म्हणजे तिथून पाणी वाहतं आणि शेवाळ आहे. हिरवट चकाकणारा भाग टाळा. खडबडीत, बारीक छिद्रांचा, राखाडी भाग त्यातल्या त्यात बरा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो. ती माती पाण्याने चिकणी होते, तिच्यावर बूट टेकला की जातोच. पायऱ्यांवर मधोमध पाय पडून दगड गुळगुळीत झालेला असतो, त्यामुळे कडेचा कोपरा धरून पाय ठेवा.

चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन आधार कायम पक्के ठेवून चौथाच हलवायचा, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. ओल्या कातळावर त्याला आणखी एक जोड द्या. आधारावर वजन टाकण्याआधी तो ठोकून, ओढून पाहा. पोकळ आवाज आला तर सोडून द्या. पावसात सांध्यांमधली माती वाहून जाते आणि गेल्या वर्षी घट्ट असलेला दगड यंदा हातात येतो. गवताची जुडी धरू नका, ती मुळासकट निघते. कारवीचा हिरवा, जिवंत दांडा अगदी बुंध्याशी धरला तर तोल सावरण्यापुरता आधार देतो. वाळका दांडा काटकीसारखा मोडतो. वजन पायांवर ठेवा, हातांनी फक्त तोल सांभाळा. घाबरलेला माणूस कातळाला पोट लावून बिलगतो. तसं केलं की पायाचं वजन बाहेर जातं आणि पाय सुटतो. कंबर थोडी बाहेर काढून पावलं दिसतील असं उभं राहायला हवं.

सर्वांत महत्त्वाचं असं की जो टप्पा पावसात उतरता येणार नाही तो चढूच नका. चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, उतरताना ती आपल्याच पोटाखाली लपलेली असते. वर जाताना थोडी भुरभुर असते आणि येताना तोच टप्पा धबधबा झालेला असतो. म्हणून पहिला कातळटप्पा आला की दोन मीटर चढा आणि तिथूनच परत उतरून पाहा. गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाला हे जमलं नाही, तर तो टप्पा आज त्या गटासाठी नाही. उतरताना तोंड कातळाकडे करावं. हरिहरच्या उभ्या कोरीव पायऱ्यांवर, जिथे हाताला धरायला खोबण्या आहेत, तिथेही पाठ दरीकडे आणि तोंड दगडाकडे हीच रीत. त्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी होणारी गर्दी हे एक वेगळंच संकट आहे. वरचा उतरणारा आणि खालचा चढणारा मध्येच एकमेकांना भेटतात, अर्धा अर्धा तास लोक एका पायरीवर भिजत उभे राहतात, पाय थरथरू लागतात. तिथे जायचंच असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, आणि गर्दी दिसली तर पायथ्यावरूनच परत फिरा.

अलंग, मदन, कुलंग, लिंगाणा आणि कलावंतीण यांची नावं पावसाळ्याच्या यादीत नसावीत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सांदण दरी आणि अशा सगळ्या नाळा या मुळात पाण्याच्याच वाटा. पावसाळ्यात पाणी त्या परत घेतं. तिथे अडकलेल्या माणसाला वरून येणाऱ्या दगडापासून लपायला जागा नसते.

दोराबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. कातळावर आधीच कुणी बांधून ठेवलेला दोर दिसला तर त्याच्यावर जीव टाकू नका. तो किती उन्हाळे तिथे आहे, वर कशाला बांधलाय, कडेवर किती घासलाय हे खालून कळत नाही. नायलॉनचा दोर भिजला की त्याची ताकदही कमी होते. सगळ्यांनी एकाच दोराला बांधून घेऊन धारेवर चालायचं, असा एक प्रकार काही हौशी गट करतात. वरच्याने दोर नीट धरून आधार (बिले) दिलेला नसेल तर घसरणारा एक जण बाकीच्यांना घेऊन जातो. दोर वापरायचा तर प्रस्तरारोहणाचं शिक्षण घेतलेला, ओल्या दगडावर आधार बांधायचा सराव असलेला माणूस सोबत हवा. तो नसेल तर दोर सॅकमध्ये आहे म्हणून धाडस वाढवू नका.

घसाऱ्यावरून जाताना एका वेळी एकच माणूस, बाकीचे बाजूला आडोशाला. दगड सुटला तर तो कुणाच्या दिशेने जातोय हे पाहत बसू नका, पूर्ण ताकदीने 'दगड!' ओरडा. खालच्यांनी वर बघायचं नाही. डोकं खाली घालून कातळाला चिकटायचं, सॅक मानेवर ओढायची.

धुक्यात वाट

सह्याद्रीत धुकं पडतं असं आपण म्हणतो. धारेवर मात्र आपण ढगातच चालत असतो. त्यामुळे ते तासाभरात विरेल ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते. पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा आणि पूर्वेला सौम्य उतार, ही घाटमाथ्याची सर्वसाधारण ठेवण आहे. चूक पश्चिमेला झाली तर ती सुधारायला वेळ मिळत नाही. म्हणून धुक्यात कड्याच्या काठाने चालणारी वाट आणि थोडी आतली वाट यांतून निवड करायची वेळ आली तर आतली घ्या, मग ती लांबची का असेना. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठाशी उभं राहून धुकं फाटायची वाट पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन: काठापासून चांगलं अंतर ठेवून खाली बसा. तिथला वारा खालून वर उसळतो, आणि थांबला की पुढे झुकलेल्या माणसाचा तोल जातो.

होकायंत्र सोबत ठेवा आणि वापरायला शिका. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्यासाठी वेगळी वजाबाकी करावी लागत नाही. नकाशावर दिशा काढा आणि चाला. पावसाळ्यातला वारा ढोबळमानाने पश्चिम-नैऋत्येचा. निघताना तो कोणत्या गालावर लागतोय हे लक्षात ठेवलं तर धार सोडून भलत्याच सोंडेवर उतरू लागलात की कळतं, कारण वारा दुसऱ्याच गालावर यायला लागतो. खिंडीत हा आडाखा चालत नाही, तिथे वारा वळतो आणि दुपटीने वाहतो. मोबाईलवरचा जीपीएस उत्तम आहे, पण भिजलेला पडदा बोटाला दाद देत नाही. जाड पारदर्शक पिशवीत मोबाईल, सोबत पॉवर बँक, नेटवर्क बंद करून विमान मोड, आणि आधी त्या वाटेवर गेलेल्या कुणाची तरी जीपीएक्स फाईल. एवढं दोन जणांकडे असावं, एकाकडे नको.

दगडांवर रंगवलेल्या बाणांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ते कुणी, कोणत्या वाटेसाठी काढले हे माहीत नसतं. पावसाळ्यात ढोरवाटाही पायवाटेसारख्याच मळलेल्या दिसतात, आणि त्या चराईच्या जागेपर्यंत जाऊन संपतात. पाच-दहा मिनिटं ओळखीची एकही खूण आली नाही तर सगळ्यांनी थांबावं. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जावं. हे मनाला फार जड जातं, कारण तेवढा चढ पुन्हा चढावा लागतो. पण सह्याद्रीतले अनेक घात इथेच होतात. वाट चुकलेल्याला खाली गावाचा दिवा दिसतो किंवा पाण्याचा आवाज येतो, आणि तो जवळची नाळ धरून उतरू लागतो. नाळ पन्नास-शंभर मीटर बरी जाते आणि मग कड्याच्या तोंडाशी संपते. वर चढवत नाही, खाली जाता येत नाही. वाट माहीत नसलेल्या नाळेत धुक्यात उतरायचं नाही, एवढं एक पथ्य पाळलं तरी पुष्कळ जीव वाचतील.

गटाच्या पुढे एक आणि शेवटी एक अनुभवी माणूस हवा. शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, पुढच्याला ओलांडून कुणी जायचं नाही. प्रत्येक वळणावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. दर अर्ध्या तासाने मोजणी करायची. गट दहाच्या आत असला तर हे जमतं. पन्नास-साठ जणांना बसने आणून एकाच वेळी धारेवर सोडणाऱ्या आयोजकांकडे जाणं टाळा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सगळ्यांनी पैसे भरलेले असतात, त्यामुळे मागे फिरायचा निर्णय कुणालाच घ्यायचा नसतो. आयोजकाला आधी विचारा: किती जण आहेत, किती लीडर आहेत, हवा बिघडली तर कुठून उतरवणार, पैसे परत मिळतील का. उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

ओल आणि थंडी

महाराष्ट्रात थंडीने माणूस मरतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर धुक्या-पावसात वाट चुकलेल्या एका गटातल्या माणसाचा असाच अंत झाला. त्यासाठी बर्फ लागत नाही. हवेचं तापमान १८-२० अंश असलं, अंग तासन् तास ओलं असलं, वारा सतत लागत असला आणि पोट रिकामं असलं की शरीराला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की धोका सुरू होतो.

लक्षणं फसवी असतात. पहिल्यांदा कुडकुडणं, मग बोटांनी सॅकची चेन न उघडणं, सपाटीवर ठेचकाळणं, बोलणं अडखळणं, चिडचिड किंवा एकदम गप्प होणं. गटातला बडबड्या माणूस गप्प झाला आणि मागे पडू लागला, तर तो दमलाय असं म्हणून पुढे ढकलू नका. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि माणूस गुंगीत बोलू लागला तर ती गंभीर अवस्था. वाऱ्याच्या आड जा. जमिनीवर सॅक, दोर, चटई काहीही घालून त्याला त्यावर बसवा, कारण ओली जमीन ऊब ओढून घेते. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं-मान झाका, वरून मोठं प्लास्टिक किंवा चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट गुंडाळा, दोन जण त्याला बिलगून बसा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड, गरम काहीतरी द्या. हातपाय चोळू नका. दारू तर अजिबात नको, तिने ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीर आणखी गार पडतं.

हे टाळणं त्याहून सोपं आहे. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा, ते पाणी धरून बसतात. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे, वर विंडचीटर आणि त्याचीच पँट. पोंचो रानात चालतो. धारेवर मात्र तो शिडासारखा फुगतो आणि पावलं दिसू देत नाही. छत्री नको. सॅकच्या वरचं कव्हर वाऱ्याने उडतं, म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा. तिच्या आत आणखी एका बंद पिशवीत एक कोरडा जोड, लोकरीची टोपी आणि मोजे. हा जोड चालताना घालायचा नाही. मुक्कामाला किंवा संकटातच तो उघडायचा.

पावसात तहान-भूक लागत नाही, पण खावं लागतं. दर तासाला थोडं खा. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू हे सगळं खिशात हवं, सॅकच्या तळाशी नको. श्रावणी सोमवारचा कडक उपवास धरून धारेवर जाणारी मंडळी दरवर्षी दिसतात. श्रद्धा आपल्या जागी आहे. त्या दिवशी ट्रेक ठेवू नका, किंवा ट्रेकच्या दिवशी पोटभर फराळ करा. आडोशाच्या जागाही आधीच माहीत असाव्यात. राजगडावर पद्मावतीचं देऊळ, तोरण्यावर मेंगाईचं. मधल्या धारेवर असं काही नाही, हे लक्षात घेऊनच निघा.

वीज

भर जुलैच्या संततधारेत विजा तुलनेने कमी असतात. त्यांचा खरा हंगाम मे ते जूनचा पूर्वार्ध, आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तीनला अंधारून येणं हे त्या दिवसांचं लक्षण. म्हणून या काळात धार दुपारी १२-१ च्या आत सोडावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते घेऊन ठेवा.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर धोका तुमच्यापर्यंत पोहोचलेला आहे. माथा, बुरूज, एकटं झाड, ध्वजाचा खांब आणि लोखंडी शिड्या ताबडतोब सोडा. कळसूबाई ही १६४६ मीटरची, महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा. तिचा माथा उघडा आहे आणि वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. आभाळ गरजायला लागल्यावर शेवटची शिडी चढून देवीचं दर्शन घ्यायचा आग्रह धरू नका, खालूनच हात जोडा. धारेवर असाल तर धारेच्या एका अंगाला शक्य तेवढं खाली उतरा. उथळ कपारीच्या तोंडाशी बसू नका, वीज कातळावरून उतरताना त्या तोंडातून उडी घेते. एकमेकांपासून अंतर ठेवून, सॅकवर किंवा चटईवर, पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. ज्याला धक्का बसला आहे त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. लगेच हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

ओढे, आणि मदत

सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत येतो. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल, गढूळ झालं असेल, तळातून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर उतरू नका. धारेखालचे ओढे छोट्या पाणलोटाचे असतात, पाऊस उघडल्यावर तास-दोन तासांत ते उतरतात. थांबा, कोरडे कपडे घाला, खा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब काही क्षणांत वाहून गेलं. पाणी वाढायला किती थोडा वेळ लागतो हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं आहे.

कुणी जखमी झालं किंवा वाट पूर्ण हरवली तर जागा बदलत राहू नका. ११२ ला फोन करा. फोन लागत नसेल तर ओळखीच्या माणसाला जीपीएसच्या आकड्यांसह एसएमएस पाठवा. जिथे बोलणं होत नाही तिथूनही तो पुष्कळदा जातो. महाराष्ट्रातले गिर्यारोहक बचावकार्यासाठी एकत्र जोडलेले आहेत. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे त्यांना जोडणारं केंद्र, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र आणि महाबळेश्वर ट्रेकर्स ही त्यांतली दोन नावाजलेली पथकं. ही माणसं स्वयंसेवक आहेत. आपलं काम सोडून रात्री पावसात चढून येतात, आणि त्यांना पोहोचायला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ जिवंत, कोरडं आणि एका जागी राहणं ही तुमची जबाबदारी. शिट्टी गळ्यात ठेवा. मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. हा जगभर ओळखला जाणारा मदतीचा संकेत आहे. मिनिटाला तीन फुंका ऐकू आल्या तर तुमचा आवाज पोहोचला असं समजा.

आणि एक काम येत्या रविवारी निघण्याआधी नक्की करा. एका कागदावर लिहा: कोण कोण जातोय, सगळ्यांचे मोबाईल क्रमांक, कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, हवा बिघडली तर कुठून धार सोडणार, गाडी कुठे लावलेली असेल. शेवटी लिहा की रात्री ९ पर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवावं. तो कागद घरातल्या एका जबाबदार माणसाच्या हातात द्या. आणि सुखरूप उतरलात की पायथ्याच्या गावातून, चहा घेण्याच्याही आधी, त्यांना फोन करा.